मॉरिशस बेटातील वर्णभेद व त्यापासून घ्यावयाचा बोध

विद्यार्थीमित्रहो, हिंदी महासागराचा नकाशा पुढे घ्या. आफ्रिका खंडाच्या पूर्वेस मादागास्कर हे मोठे बेट आहे. त्याच्याही पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरांवर एक लहानसा ठिपका दिसेल. तोच मॉरिशस देश होय. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६६१ चौरस किलोमीटर आहे, तर मॉरिशसचे मुख्य बेट अवघे १,८६५ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे अशी पाच बेटे आपल्या एका जिल्ह्यात सहज मावतील. तेथील लोकवस्ती सुमारे साडेबारा लाख असून ती २०११ च्या खानेसुमारीत नोंदलेल्या आपल्या जिल्ह्याच्या वस्तीच्या निम्मी भरते.

परंतु एवढ्याशा भूमीवर तीन खंडांतील माणसे एकत्र नांदत आहेत. ढोबळ मानाने पाहता दोनतृतीयांश लोक हिंदुस्थानातून गेलेल्यांचे वंशज आहेत. आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, ज्यांना तेथे ‘क्रिओल’ म्हणतात, ते पाव हिश्श्याहून थोडे अधिक आहेत. चिनी व फ्रेंच कुळांतील लोक संख्येने थोडे आहेत. हिंदुस्थानी वंशजांमध्ये भोजपुरी, तामिळ, तेलुगू, गुजराती व मुसलमान ह्यांच्याबरोबर आपले मराठी बांधवही आहेत. त्यांचे पूर्वज रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर ह्या भागांतून मुंबई बंदरामार्गे तिकडे गेले. अशा ह्या बेटात माणसामाणसांत रंगाचा व वंशाचा भेद कसा उत्पन्न झाला, तो कसा टिकला व त्याविरुद्ध कोण झगडले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात धरावी. ह्या बेटावर मूळची अशी मनुष्यवस्ती नव्हतीच. डच खलाशी १५९८ साली तेथे उतरले व त्यांनी आपल्या मॉरिस नामक राजपुत्रावरून बेटास नाव दिले. तेव्हा तेथे अरण्य होते, डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी होता. माणूस मात्र नव्हता. पुढे १७१० साली डच निघून गेले, १७१५ साली फ्रेंच आले व १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. तेव्हा आज तेथे राहणारा प्रत्येक मनुष्य बाहेरून आलेल्याचाच वंशज आहे. ‘ही भूमी आमची, तुम्ही उपरे’ असे म्हणण्यास तेथे कोणासही आधार नाही. असे असूनही तेथे उच्चनीचतेची उतरंड उभी राहिली. ह्यावरून असे दिसते की, असला भेद मातीतून उगवत नाही. तो माणसे घडवितात.

तो कसा घडविला गेला ते पाहू. फ्रेंचांना शेतीसाठी, बंदराच्या बांधकामासाठी व पुढे उसाच्या मळ्यांसाठी मजूर पाहिजे होते. त्यांनी मोझांबिक व मादागास्कर येथून हजारो स्त्रीपुरुष विकत आणले. त्यांत काही हिंदुस्थानीही होते. १७२३ साली फ्रेंच राजाने ह्या बेटांसाठी गुलामांविषयीचा कायदा लागू केला. त्या कायद्याने गुलामास मालकाची जंगम मालमत्ता ठरविले आणि गोऱ्या व काळ्या माणसांच्या विवाहास बंदी घातली. आता विचार करा. जर गोरा व काळा ह्यांच्यात निसर्गानेच खरोखर दरी निर्माण केली असती, तर त्यांनी परस्परांशी लग्न करू नये म्हणून कायदा करण्याचे कारण काय होते? कायदा करावा लागला, कारण माणूस माणसाकडे ओढला जातो. आणि तो तसा ओढला गेला तर गुलामगिरीचा व्यापार चालत नाही. प्रथम पैशाची गरज उत्पन्न झाली, त्या गरजेपोटी गुलामगिरी आली, आणि गुलामगिरीचे समर्थन करण्यासाठी ‘काळा मनुष्य हलका’ ही समजूत रुजविण्यात आली.

आजचे शास्त्र ह्या समजुतीस काडीचाही आधार देत नाही. पृथ्वीवरील सर्व माणसे एकाच जातीचे प्राणी आहेत. कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यावर अवलंबून असतो. जेथे ऊन प्रखर, तेथे अनेक पिढ्यांनंतर कातडी सावळी होते. जेथे ऊन मंद, तेथे ती फिकट होते. बुद्धी, प्रामाणिकपणा अथवा शौर्य ह्यांचा त्या द्रव्याशी संबंध नाही.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे ६६ हजार माणसे कागदोपत्री मुक्त झाली. परंतु इंग्रज सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक जी भरपाई दिली, ती कोणास? ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांना नव्हे, तर ज्यांचे ‘नुकसान’ झाले असे मानले गेले त्या मालकांना. मुक्त झालेल्यांच्या हाती जमीन आली नाही, पैसा आला नाही आणि शाळाही फारशी आली नाही. शिवाय काही वर्षे त्यांना ‘उमेदवार’ ह्या नावाखाली जुन्या मालकांकडेच काम करावे लागले. ती सक्ती १८३९ साली संपताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. त्यात नवल ते काय?

मळेवाल्यांनी मात्र आधीच दुसरी तजवीज केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. हे करारबद्ध मजूर होत. ‘अॅग्रीमेंट’ ह्या शब्दाचा अपभ्रंश होऊन लोक त्यांना ‘गिरमिटिया’ म्हणू लागले. पुढील सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या घरात हिंदुस्थानी माणसे त्या बेटावर गेली. त्यांपैकी बहुसंख्य कलकत्ता व मद्रास येथून गेले. मुंबईहून गेलेल्यांचा वाटा लहान होता आणि त्यातच आपले कोकणी व देशावरील मराठी लोक होते. महिना पाच रुपये मजुरी व शिधा अशी बोली असे. कामावर एक दिवस न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत होती. तिला ‘दुहेरी काट’ म्हणत. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरासही स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसेल तर त्यास ‘भटक्या’ ठरवून पकडण्यात येई. चोरी नाही, मारामारी नाही. केवळ हिंदुस्थानी मजूर असणे व रस्त्यावर असणे एवढाच अपराध!

ह्या अन्यायाविरुद्ध पहिली मोठी दाद मागण्यास ज्याने साहाय्य केले, तो मनुष्य हिंदुस्थानी नव्हता. आदोल्फ द प्लेवित्झ हा युरोपियन गृहस्थ एका मळ्याची व्यवस्था पाहत असे. मजुरांचे हाल त्यास पाहवेनात. त्याने १८७१ साली त्यांच्या वतीने गव्हर्नराकडे अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ मजुरांनी सह्या व निशाण्या केल्या. त्याबद्दल गोऱ्या मळेवाल्यांनी त्याचा छळ केला, त्याच्यावर भर रस्त्यात हल्लाही झाला. परंतु त्या अर्जामुळे १८७२ साली विलायतेहून चौकशी मंडळ आले. १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला व काही जाचक नियम सैल झाले. रंगावरून मनुष्याची पारख करणाऱ्यांस हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

येथपर्यंतची हकीगत ऐकून कोणासही वाटेल की, एका बाजूस गोरे जुलमी व दुसऱ्या बाजूस काळे-सावळे दुःखी, एवढीच ही कथा आहे. परंतु ह्या इतिहासातील खरा कठीण धडा पुढेच आहे. ज्यांनी अपमान सोसला, त्या दोन समाजांनी एकमेकांना जवळ केले काय? खेदाची गोष्ट अशी की, बहुधा केले नाही. मुक्त झालेल्या क्रिओल लोकांस वाटे, ‘हे हिंदुस्थानी स्वस्तात राबावयास आले म्हणून आमची मजुरी पडली.’ हिंदुस्थान्यांस वाटे, ‘हे गुलामांचे वंशज, ह्यांना कुळ नाही, घराणे नाही, आपण ह्यांच्याहून बरे.’ मजुरी पाडणारा मळेवाला होता आणि कुळ तोडणारा गुलामांचा व्यापारी होता. परंतु तो उंचावर बसलेला असल्याने दोघांचा राग शेजाऱ्यावर निघाला. हिंदूस हिणवून ‘मलबार’ म्हणावे, मुसलमानास ‘लास्कार’ म्हणावे, आफ्रिकी वंशजास ‘माझांबिक’ म्हणावे, असे शब्द रूढ झाले. त्या शब्दांचा मूळ अर्थ पाहिला तर ती गावांची, देशांची किंवा धंद्यांची साधी नावे आहेत. उच्चारणाऱ्याच्या मनातील तिरस्काराने ती शिवी झाली.

राजकारणातही हेच विष उतरले. आरंभी काही थोर माणसांनी एकीचा मार्ग दाखविला होता. महात्मा गांधी १९०१ साली ह्या बेटावर काही दिवस राहून गेले. पुढे १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे आले. त्यांनी १९०९ साली ‘हिंदुस्थानी’ नावाचे पत्र काढले. त्याच्या ब्रीदवाक्यात व्यक्तीचे स्वातंत्र्य, माणसांचे बंधुत्व व सर्व वंशांची समता अशी तीन तत्त्वे होती. १९३६ साली डॉ. मोरीस क्युरे ह्या क्रिओल पुढाऱ्याने मजूर पक्ष स्थापन केला व हिंदुस्थानी शेतमजुरांची बाजू घेतली. १९४८ च्या निवडणुकीपूर्वी मताचा अधिकार केवळ धनिकांपुरता न ठेवता, मान्य केलेल्या भाषांपैकी एखादी भाषा साधेपणाने लिहितावाचता येणाऱ्यासही देण्यात आला. तेव्हा प्राध्यापक वासुदेव विष्णुदयाल व त्यांचे स्वयंसेवक ह्यांनी गावोगावच्या बैठकांत प्रौढ मजुरांस अक्षरओळख करून दिली. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या वर गेली. पाटीपेन्सिलीने केलेली ही क्रांती विद्यार्थ्यांनी विसरू नये.

परंतु मत मिळताच भीतीही जागी झाली. हिंदुस्थानी बहुसंख्य आहेत, स्वराज्य आले तर ते आम्हांस दडपतील, असे क्रिओल व इतर अल्पसंख्यांस वाटू लागले. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याविरुद्ध कौल दिला. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुई शहरात क्रिओल व मुसलमान ह्यांच्यात भीषण दंगली झाल्या. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली कुटुंबे आपापल्या ‘लोकांच्या’ मोहल्ल्यात निघून गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १२ मार्च १९६८ रोजी, देश स्वतंत्र झाला.

नव्या राज्यघटनेने प्रजेचे चार गट मानले: हिंदू, मुसलमान, चिनी व ‘सर्वसाधारण लोक’. ह्या चौथ्या गटाची व्याख्या मोठी चमत्कारिक आहे. पहिल्या तिन्हींत जो मोडत नाही, तो ह्यात! त्यामुळे मळेवाल्याचा गोरा वंशज व गुलामाचा काळा वंशज दोघेही एकाच रकान्यात पडले आणि क्रिओल समाजास स्वतःचे नावच राहिले नाही. लहान गटांस विधिमंडळात स्थान मिळावे म्हणून आठ जास्त जागा ठेवण्यात आल्या. हेतू चांगला होता. परंतु त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने आपला गट लिहून देणे सक्तीचे झाले आणि गणनेला आधार राहिला तो १९७२ च्या खानेसुमारीचा. काही उमेदवारांनी ‘आम्ही फक्त मॉरिशसचे’ असे म्हणून गट लिहिण्याचे नाकारले, तेव्हा त्यांचे अर्ज फेटाळण्यात आले. शेवटी २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ही सक्ती नागरिकांच्या हक्कांशी विसंगत असल्याचे मत दिले.

भेद किती खोल गेला होता, ह्याची दोन उदाहरणे पुरेत. १९९८ साली छापलेल्या नव्या नोटांवर तामिळ अक्षरांचे स्थान हिंदीच्या खाली गेले, एवढ्यावरून तामिळ समाज दुखावला. एवढा क्षोभ झाला की नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या. दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. ‘काया’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या क्रिओल गायकास फेब्रुवारी १९९९ मध्ये गांजा ओढल्याच्या आरोपावरून अटक झाली व २१ तारखेस पोलिसांच्या कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पुढे काही दिवस सारे बेट पेटले. काही माणसे प्राणास मुकली. जो समाज आपणांस कोणी विचारीत नाही असे कित्येक वर्षे मनात म्हणत होता, त्याच्या मनातील कोंडमारा असा बाहेर पडला.

आपल्या मराठी बांधवांची तेथील स्थिती विचार करण्याजोगी आहे. ते संख्येने थोडे. घरी व बाजारात बहुधा क्रिओल भाषाच बोलतात. तरीही त्यांनी गणेशोत्सव टिकविला आणि कोकणातील जाखडी नाचाची परंपरा ‘झाकरी’ ह्या नावाने जतन केली. गणेश चतुर्थीस तेथे सार्वजनिक सुट्टी असते. शाळांत मराठी शिकविली जाते. दीडशे वर्षांहून अधिक काळ समुद्रापलीकडे राहून ज्यांनी माय मराठीची आठवण ठेवली, त्यांचे कौतुक कोण करणार नाही? परंतु येथेच एक नाजूक रेषा आहे. आपल्या भाषेवर व रीतीवर प्रेम करणे ही एक गोष्ट. ‘म्हणून इतर हलके’ असे मानणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिल्याने माणूस समृद्ध होतो, दुसऱ्याने आंधळा. जहाजावर एकाच पंगतीत जेवलेले ‘जहाजी भाई’ बेटावर स्थिरावल्यावर पुन्हा जातीचा विचार करू लागले, हेही तेथील हिंदुस्थानी समाजाचे कटू सत्य आहे. आपल्याकडे म्हणतात, कोठेही जा, पळसाला पाने तीनच.

तरी ह्या कथेचा शेवट निराशेचा नाही. फादर जाक-देझिरे लाव्हाल हे फ्रेंच धर्मोपदेशक १८४१ साली बेटावर आले. ते मूळचे वैद्य होते. गोऱ्यांच्या बैठकींत न रमता त्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांत राहणे पसंत केले व त्यांची भाषा आत्मसात केली. त्यामुळे काही गोरे लोक त्यांची कुचेष्टा करीत. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते वारले. आज त्यांच्या समाधीवर दरवर्षी ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, चिनी असे सर्व लोक जातात. राज्यकर्त्यांनीही हळूहळू शहाणपण दाखविले. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस व २ नोव्हेंबर हा गिरमिटियांच्या आगमनाचा दिवस, हे दोन्ही सुट्टीचे दिवस झाले. गिरमिटिया जेथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ साली, आणि पळून गेलेले गुलाम ज्याच्या आश्रयास राहत तो ले मॉर्न पर्वत २००८ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. २००९ साली नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाने गुलामगिरी आणि गिरमिट ह्या दोहोंच्या परिणामांचा एकत्र अभ्यास करून २०११ साली अहवाल दिला. दोन्ही दुःखे एकाच ग्रंथात मांडली गेली, हे मोठे पाऊल होय.

आता हा आरसा आपण स्वतःपुढे धरू. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, मळेवाले नाहीत, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे असे समजू नये. मुलगी पाहावयास गेल्यावर ‘मुलगी रंगाने कशी आहे?’ हा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जातो. सावळ्या मुलाला वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. घाटावरचा मुलगा घाटाखालच्यास व घाटाखालचा घाटावरच्यास हसतो. बंजाऱ्याच्या, भिल्लाच्या अथवा ऊस तोडावयास जाणाऱ्या मजुराच्या मुलाच्या बोलण्याची कोणी नक्कल करतो. आणि तोच नक्कल करणारा मुलगा उद्या शिक्षणासाठी पुण्यास जातो, तेव्हा त्याच्या वऱ्हाडी बोलीवर तेथील मुले हसतात. तेव्हा त्याच्या मनास जे बोचते, तेच त्याने येथे दुसऱ्यास बोचविलेले असते. अपमान सोसलेला मनुष्य आपोआप दयाळू होत नाही. त्यास दयाळूपणा शिकावा लागतो. मॉरिशसच्या इतिहासाचा हाच मुख्य बोध आहे.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. भाताच्या बाबतीत ते खरे. कारण सारी शिते एकाच आधणात शिजलेली असतात. माणसे तशी नसतात. एका मनुष्याच्या वागणुकीवरून त्याच्या साऱ्या समाजाची परीक्षा करणे म्हणजे एका चुकीच्या उदाहरणावरून साऱ्या गणिताचे पुस्तक खोटे ठरविण्यासारखे होय.

पालकांस एवढीच विनंती की, मूल जन्मतः कोणाचा तिरस्कार करीत नाही. घरात जेवताना, बाजारात भाव करताना, गाडीत जागेवरून भांडताना मोठी माणसे इतर समाजांविषयी जे शब्द वापरतात, तेच मूल उचलते. ते शब्द आपण टाकले तर शाळेचे अर्धे काम घरीच होईल. आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्ही एक करा. ज्याला तुम्ही टोपणनावाने चिडविता, त्याला उद्यापासून त्याच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारा. काम लहान दिसते, परंतु मॉरिशसमधील भेदही अशाच लहान शब्दांच्या आधारे दोनशे वर्षे टिकला.

विचारासाठी प्रश्न

१. ज्या बेटावर कोणीही मूळ रहिवासी नव्हता, तेथे उच्चनीचता कशी उत्पन्न झाली?
२. मुक्त झालेले गुलाम व गिरमिटिया ह्यांचा राग खऱ्या अपराध्यावर न जाता एकमेकांवर का गेला?
३. आपल्या भाषेचा अभिमान व परभाषेचा तिरस्कार ह्यांत कोणता फरक आहे? उदाहरणे द्या.
४. आपल्या गावात इतर समाजांविषयी वापरले जाणारे हिणकस शब्द घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून शोधा आणि त्यांचा मूळ अर्थ काय होता ते लिहा.